लेखासोबतचं चित्र माणसाचं की एआयचं? मी तपासते ते असं

मी मासिकाची मांडणी करते. वाचक चित्रावरून नजर फिरवून मजकुराकडे वळतो, पण मला तेच चित्र चारशे टक्के मोठं करून, कडा छाटून, शेजारी अक्षरं बसवत तासभर बघावं लागतं. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक हल्ली मला कुठल्या कुठल्या लेखांचे स्क्रीनशॉट पाठवतात आणि विचारतात, "हे एआयचं आहे ना?" त्या 'ना'मध्ये त्यांचा निकाल आधीच लागलेला असतो. मी फक्त शिक्का मारायचा.

शिक्का मी मारत नाही, तपासायचं कसं ते सांगते. तेच इथे लिहिते आहे. सुरुवातीला एक गोष्ट ध्यानात ठेवा: बहुतेक लोक चित्रात चुका शोधतात. सहावं बोट, वाकडा कान, तीन पायांची खुर्ची. चुका माणसंही भरपूर करतात, माझ्या टेबलावर रोज येतात. मी शोधते ते निर्णय. माणसाने काढलेल्या चित्रात प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवलेली असते, भले वाईट ठरवलेली का असेना. यंत्राच्या चित्रात बऱ्याच गोष्टी कुणीच ठरवलेल्या नसतात, त्या नुसत्या आलेल्या असतात. हा फरक एकदा दिसायला लागला की बोटं मोजायची गरज क्वचित पडते.

आधी चित्राकडे बघूच नका

पहिलं काम श्रेय-ओळ वाचण्याचं. चित्राखाली, लेखाच्या शेवटी, अंकाच्या श्रेयपानावर, जिथे असेल तिथे. हे इतकं साधं आहे की कुणी करत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'फ्रंटिअर्स इन सेल अँड डेव्हलपमेंटल बायॉलॉजी' या शास्त्रीय नियतकालिकात एका शोधनिबंधासोबत उंदराचं एक चित्र छापलं गेलं. उंदराची जननेंद्रियं त्याच्या देहाहून मोठी, आणि अवयवांना बाण काढून दिलेली नावं अस्तित्वातच नसलेल्या शब्दांची. 'टेस्टटॉमसेल्स' हा त्यातलाच एक. जगभर हसं झालं, काही दिवसांत निबंध मागे घेतला गेला. पण चित्रं मिडजर्नी या एआय-साधनाने केल्याचं लेखकांनी निबंधातच लिहिलं होतं. उत्तर छापलेलं होतं. परीक्षकांच्या नजरेखालून ते गेलं, संपादकांच्याही गेलं.

श्रेय-ओळीत काय काय सापडतं? माणसाचं नाव असेल तर उत्तम. त्या नावाची इतर कामं बघा. २०२२ च्या आधीची असतील तर आणखी उत्तम, कारण मिडजर्नी सर्वांना खुलं झालं जुलै २०२२ मध्ये आणि स्टेबल डिफ्यूजन हे तसंच दुसरं साधन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. त्याआधीच्या कामात चित्रकाराचा स्वतःचा हात दिसतो. तो नाक कसं काढतो, कपड्याला चुण्या किती देतो, रिकामी जागा कुठे सोडतो, हे बघून घ्या आणि मग आजच्या चित्राकडे या. हात बदलतो, शैली बदलते, माणसं शिकतात, हे सगळं खरं; पण नाक काढण्याची सवय सहसा एका रात्रीत जात नाही.

नावाऐवजी स्टॉक-संग्रहाचं, म्हणजे तयार चित्रं पुरवणाऱ्या साठ्याचं नाव असेल तर तिथे जाऊन ते चित्र शोधा. गेटी इमेजेसने सप्टेंबर २०२२ मध्येच एआय-चित्रं घेणं बंद केलं. अडोबी स्टॉकने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती घ्यायला सुरुवात केली, पण तशी खूण लावण्याच्या अटीवर. मेख अशी की ती खूण संग्रहाच्या पानावर असते. चित्र तिथून उतरवून लेखात बसवलं की खूण मागेच राहते. म्हणजे लेख छापणाऱ्याने लपवलं असेलच असं नाही, त्याने कदाचित त्या पानावरची बारीक ओळ वाचलीच नसेल. मांडणीची मुदत डोक्यावर असताना 'डाउनलोड'चं बटण तेवढं दिसतं.

आणि 'प्रातिनिधिक चित्र' एवढंच लिहिलं असेल तर? त्यातून काहीच कळत नाही. पुढे चला.

पुढे म्हणजे उलट शोध: चित्र देऊन ते आणखी कुठे कुठे आहे ते शोधायचं. गूगल लेन्स आणि टिनआय, दोन्हीकडे चित्र टाका. टिनआयमध्ये निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात, ती सोय वापरा. तेच चित्र २०१८ च्या एखाद्या पानावर सापडलं तर प्रश्न मिटला; तेव्हा चेहऱ्यांसारख्या ठरावीक गोष्टी बनवणारी यंत्रं प्रयोगशाळांत होती, पण दोन ओळी लिहून लेखाला साजेसं चित्र मिळवायची सोय नव्हती. मात्र पानाची तारीख आणि चित्राची तारीख एकच समजू नका. जुन्या लेखांची चित्रं नंतर सर्रास बदलली जातात. शंका आली तर वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये त्या पानाची जुनी प्रत उघडा आणि तेव्हा तिथे कोणतं चित्र होतं ते बघा.

मग फाइल. चित्र उतरवून घ्या आणि आधी नुसतं नाव वाचा. लोक नाव बदलायचं विसरतात, इतकं की मला त्यांची काळजी वाटते. चॅटजीपीटीतून उतरवलेल्या फाइलच्या नावात 'चॅटजीपीटी इमेज' आणि पुढे तारीख, जेमिनीच्या नावात 'जेमिनी जनरेटेड इमेज', डाल-ई या चित्रसाधनाच्या जुन्या फाइलींत तर तारखेपुढे, चित्रासाठी यंत्राला दिलेल्या सूचनेचे पहिले काही शब्द सरळ असायचे. त्यानंतर फाइलच्या पोटातली माहिती. एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्रॅम ती उघडून दाखवतो. स्टेबल डिफ्यूजन घरच्या संगणकावर चालवणाऱ्यांची काही लोकप्रिय साधनं संपूर्ण सूचना पीएनजी फाइलमध्येच लिहून ठेवतात. मिडजर्नीच्या फाइलीतही सूचना वर्णनाच्या रकान्यात सापडते.

याशिवाय 'कंटेंट क्रेडेन्शियल्स' नावाची एक व्यवस्था आहे. अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरेंनी २०२१ मध्ये सीटूपीए नावाचं मंडळ उभं केलं, त्याने हे मानक ठरवलं: चित्र कशाने बनलं, त्यात कुणी काय फेरफार केले, याची सही केलेली नोंद फाइलीसोबत चालते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने फेब्रुवारी २०२४ पासून डाल-ई ३ च्या चित्रांत ती घालायला सुरुवात केली. कंटेंट क्रेडेन्शियल्सच्या तपासणी-पानावर फाइल टाकली की नोंद असल्यास दिसते. गूगलचा मार्ग वेगळा: सिंथआयडी ही डोळ्यांना न दिसणारी खूण थेट चित्राच्या पिक्सेलांत मिसळलेली असते, त्यामुळे थोडं छाटलं, दाबलं तरी ती टिकून राहू शकते. जेमिनीला चित्र देऊन ते गूगलच्या साधनाने केलं आहे का हे विचारता येतं. ते फक्त गूगलच्याच साधनांपुरतं, हे विसरू नका.

इथे सगळे घसरतात ती जागा सांगते. नोंद सापडली तर तो भक्कम पुरावा. नाही सापडली तर तो कशाचाच पुरावा नव्हे. व्हॉट्सॲपवरून पाठवलं, स्क्रीनशॉट काढला, समाजमाध्यमावर चढवून परत उतरवलं की फाइलीतली माहिती बहुधा गळून पडते. मीसुद्धा मांडणीसाठी चित्र छाटून नव्याने साठवते तेव्हा तीच माहिती पुसली जाते, आणि माझ्या मनात काही लपवायचं नसतं.

आता बघा, पण लेख वाचून

नुसतं चित्र बघणाऱ्याला जे दिसत नाही ते लेख वाचलेल्याला दिसतं. सजावट करणारा चित्रकार लेख वाचतो. निदान अर्धा तरी वाचतो. मग त्यातली एक बारीक गोष्ट उचलतो, जी शीर्षकात नसते. निद्रानाशावरच्या लेखात लेखिकेने तिसऱ्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की रात्री ती फ्रिजचा आवाज मोजत पडून राहते. चित्रकार पलंगाशेजारी फ्रिज काढतो. हा निर्णय. शीर्षकावरून बनलेल्या चित्रात काय असतं? पलंगावर बसलेली व्यक्ती, डोक्याला हात, खिडकीत चंद्र, भिंतीवर घड्याळ, भोवती निळा प्रकाश. निद्रानाशावरच्या कोणत्याही लेखाला चालेल असं.

अर्थात लेख न वाचता चित्र काढणारी माणसंही मी पाहिली आहेत, आणि घाईत तीन ओळींचा सारांश पाठवणारे संपादक तर कितीतरी. म्हणून ही कसोटी एकटीने निकाल देत नाही. पण उलट बाजूने ती फार कामाची आहे: लेखाच्या पोटातला तपशील चित्रात नेमक्या, अनपेक्षित रीतीने आलेला असेल तर निदान कल्पना तरी माणसाची आहे.

घड्याळाचं म्हणाल तर काटे बघा. बरीच यंत्रं घड्याळात दहा वाजून दहा मिनिटंच वाजवतात, कारण ज्या असंख्य छायाचित्रांवरून ती शिकली त्यांत जाहिरातींतली घड्याळं तीच वेळ दाखवतात. माणूस निद्रानाशाच्या चित्रात रात्रीचे तीन वाजवेल. त्याने वेळ ठरवलेली असते.

मागे जाणारी रेघ

माझी सर्वांत आवडती कसोटी ही. चित्रात कुठलीही लांब रेघ पकडा जी एखाद्या वस्तूच्या मागे जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते. टेबलाची कड, जिन्याचा कठडा, क्षितिज, खिडकीची चौकट, फळ्यांची शेल्फं. चित्राच्या एका बाजूने बोट ठेवून निघा, माणसाच्या पाठीमागून जा आणि पलीकडे बघा. त्याच उंचीवर निघते? त्याच कोनात? की डावीकडे टेबल कमरेला आणि उजवीकडे मांडीला?

हे का होतं ते समजून घेतलं तर कुठे बघायचं हेही कळतं. माणूस टेबल काढताना बहुधा पूर्ण कड आधी ओढतो, मग पुढे माणूस बसवतो आणि आतली रेघ पुसतो. डिजिटलवर तर टेबल एका लेयरवर आणि माणूस दुसऱ्यावर असतो. त्याच्या डोक्यात टेबल ही अखंड वस्तू असते. डिफ्यूजन पद्धतीची यंत्रं तशी काम करत नाहीत. ती ठिपक्यांच्या निव्वळ गोंधळापासून सुरुवात करतात आणि पायरीपायरीने तो गोंधळ कमी करत चित्राकडे सरकतात. आधी मोठे आकार आणि रंग, मग तपशील. 'टेबल माणसाच्या मागून जातं' असं त्यात कुठे लिहून ठेवलेलं नसतं. डावीकडचा तुकडा टेबलासारखा दिसतो, उजवीकडचाही दिसतो, दोघांची गाठ पडलेली नसते.

स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्या ५१२ बाय ५१२ पिक्सेलांचं चित्र आतल्या आत ६४ बाय ६४ च्या जाळीवर घडवत. म्हणजे जाळीतला एक चौकोन आठ बाय आठ पिक्सेलांचा भार वाहणार. मागे गर्दीत उभ्या माणसाचा चेहरा अशा दोन-चार चौकोनांत मावला की तो चेहरा उरत नाही, चेहऱ्याचा अंदाज उरतो. म्हणून मुख्य पात्राकडे बघू नका. तिथे सगळा जोर लागलेला असतो. तिसऱ्या रांगेतल्या माणसाकडे बघा, दूरच्या सायकलीकडे, शेल्फावरच्या पुस्तकांकडे.

रेघेच्या मागोमाग जोड. एक वस्तू दुसरीला जिथे भेटते ती जागा. चष्म्याची काडी कानावर जाते की गालात विरघळते? पिशवीचा पट्टा खांद्यावरून निघतो, तो पाठीवरून परत पिशवीपर्यंत येतो का? केसांची बट कॉलरमध्ये शिरताना कापड कधी होऊन जाते? शर्टाच्या बटणांसमोर काजं आहेत का? नवशिका चित्रकार पट्टा वेडावाकडा काढतो, जाड-बारीक काढतो, पण पट्टा कुठून कुठे जातो हे त्याला ठाऊक असतं. त्याची चूक हाताची असते. यंत्राच्या चित्रात पट्टा सुरेख असतो, शिलाईसकट, चामड्याच्या चमकेसकट, आणि कुठेच जात नाही.

शिलाई इतकी सुबक आणि पट्टा कुठेच न जाणारा, हा विसंवाद माझ्यासाठी सहाव्या बोटापेक्षा मोठा आहे. इतक्या बारकाईने शिलाई काढू शकणाऱ्या माणसाकडून पट्ट्याचं दुसरं टोक विसरलं जात नाही.

मोजता येईल ते मोजा

पियानो किंवा पेटी असेल तर काळ्या पट्ट्या बघा: दोन, तीन, दोन, तीन. गिटारीला तारा सहा तर खुंट्याही सहा. बुद्धिबळाचा पट आठ बाय आठ. इथेही चुकीची जात ओळखा. माणूस पट सर्रास आडवा ठेवतो, खेळाडूच्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्याऐवजी काळं घर येतं. ती अज्ञानाची चूक. शेजारी शेजारी दोन काळी घरं, किंवा पटाच्या मध्यावर रांगच वाकलेली, ही पट म्हणजे काय हेच माहीत नसल्याची खूण. एवढं पुरे, मोजण्यात फार रमू नका, नवी साधनं यात झपाट्याने सुधारत आहेत.

अक्षरं

चित्रात पाटी, पुस्तक, फलक, वर्तमानपत्र असेल तर तिथे थांबा. २०२२-२३ मधल्या साधनांना रोमन अक्षरंही धड जमत नव्हती. आता ती बहुधा नीट येतात. देवनागरी मात्र अजून घसरते, आणि आपण ती वाचू शकतो हा आपला फायदा.

पण मोडकी देवनागरी दिसली म्हणून लगेच उडी मारू नका. तुटकी अक्षरं मांडणीच्या सॉफ्टवेअरमधूनही येतात. अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांसाठीची योग्य मजकूर-मांडणी निवडली नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते, जोडाक्षर फुटून मधला हलन्त उघडा पडतो, रफार चुकीच्या घरात जातो. असले फलक माणसांनी केलेले असतात आणि गल्लोगल्ली लागलेले असतात. फरक असा: सॉफ्टवेअरच्या घोटाळ्यात प्रत्येक सुटा भाग धडधाकट असतो, फक्त जागा चुकलेली असते. 'क' हा पूर्ण 'क'च असतो. यंत्राने रंगवलेल्या देवनागरीत भागच भलता असतो: 'ळ'ची एक गाठ आणि 'ज'चा दांडा मिळून झालेलं काहीतरी, शिरोरेखा मध्येच खाली उतरलेली, एका अक्षरावर तीन मात्रा. तसं अक्षर कुठल्याच फॉन्टमध्ये नसतं. शब्द वाचायचा प्रयत्न करू नका, एकेक अक्षर सुटं करून विचारा: हे टंकता येईल का?

हाताने लिहिलेल्या अक्षरांना हा नियम लागत नाही. तिथे वळण बघा. एकाच ओळीतला 'अ' दोनदा आला असेल तर दोन्ही एकाच हाताचे वाटतात का?

कंटाळा कुठे आहे?

माणसाला कंटाळा येतो. त्याला वेळ कमी असतो, मानधन त्याहून कमी. म्हणून तो जोर वाटून घेतो: चेहरा आणि हात मन लावून, मागची झाडं चार फटकाऱ्यांत, कोपऱ्यातली खुर्ची नुसत्या बाह्यरेषेत. मोठं करून बघितलं की कुठे त्याचा जीव रमला आणि कुठे त्याने उरकलं हे स्पष्ट दिसतं. ही काटकसर हाही निर्णयच. यंत्राला कंटाळा नसतो. कोपऱ्यातल्या गवताच्या पात्यालाही चेहऱ्याइतकीच झिलई, प्रत्येक पृष्ठभाग सारखाच चकाकणारा, एका बाजूने नारिंगी उजेड आणि दुसऱ्या बाजूने निळा, का ते माहीत नाही. दिवा दिसत नाही, खिडकी दिसत नाही, उजेड मात्र भरपूर.

साधनागणिक आणि काळागणिक ही झिलई बदलते. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत नवं चित्रसाधन आल्यावर काही महिने सगळीकडे एक पिवळट छटा दिसायला लागली होती. असल्या खुणा पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही, अंकागणिक शिळ्या होतात.

ज्यावर विसंबू नये

हात. माणसांनाही हात जमत नाहीत, म्हणून तर ते खिशात घालतात. लांबलचक हातपाय, इवलंसं डोकं, जांभळी कातडी असलेली सपाट चित्रं: ती शैली माणसांची आहे, फेसबुकसाठी २०१७ च्या सुमारास 'अलेग्रिया' नावाने घडवली गेली आणि मग सगळ्या कंपन्यांनी उचलली. कंटाळवाणं चित्र म्हणजे यंत्राचं चित्र नव्हे.

मोठं केलेलं जुनं चित्र. ही फार फसवी जागा. लहान आकारातलं जुनं चित्र एआयने मोठं करण्याची सोय आता सगळीकडे आहे. मूळ चित्र चाळीस वर्षांपूर्वीचं, शाईने काढलेलं असू शकतं, पण मोठं करताना चेहरे मेणासारखे होतात आणि अक्षरं वितळतात. चित्र माणसाचं, वितळणं यंत्राचं. उलट शोधात मूळ सापडलं तर हे लगेच कळतं, नाहीतर कळत नाही.

तपासणी-यंत्रंही विसंबण्याजोगी नाहीत. चित्र टाकलं की 'शक्यता ८७ टक्के' असं सांगणारी. मी वापरते, पण शेवटी, आणि दोन वेगवेगळी. एकच चित्र मूळ आकारात आणि मग दाबून लहान करून द्या. आकडा किती उड्या मारतो ते बघा, म्हणजे त्या टक्क्यांना किती मान द्यायचा हे समजेल. डिजिटल ब्रशने गुळगुळीत रंगवणाऱ्या चित्रकारांवर अशी यंत्रं अन्याय करू शकतात.

आणि स्वतःची खात्री. २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने मुद्दाम एक गंमत केली: डोकं पिसांत खुपसलेल्या फ्लेमिंगोचं खरंखुरं छायाचित्र एका स्पर्धेच्या एआय-गटात पाठवलं. त्याला परीक्षकांचं बक्षीस मिळालं, लोकांच्या मतांचंही मिळालं, आणि खरं सांगितल्यावर अर्थातच ते बाद झालं. बिनडोक्याचा पक्षी म्हणजे यंत्रच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

निकाल कसा लिहायचा

मी माझ्या वहीत 'आहे' किंवा 'नाही' लिहीत नाही. चारांतलं एक लिहिते: नोंद सापडली, नोंद नाही पण ठरवलेपणाचा अभाव ठळक, मिश्र, सांगता येत नाही. पुढे कारण एका ओळीत, जागेसकट. 'डावीकडचा कठडा बाईच्या मागून निघाल्यावर वीतभर खाली', असं. कारण लिहिता आलं नाही आणि नुसतं 'वाटतं' एवढंच उरलं तर चौथा पर्याय. चौथाच सर्वांत जास्त वेळा लिहावा लागतो.

मिश्रबद्दल थोडं अधिक. मे २०२३ पासून फोटोशॉपमध्येच रिकामी जागा एआयने भरण्याची सोय आली, आधी चाचणी-आवृत्तीत. तेव्हापासून 'माणसाचं की एआयचं' हा प्रश्न पुष्कळदा अर्धवट ठरतो. पात्र हाताने रंगवलेलं, मागचं आकाश रुंदीला कमी पडलं म्हणून यंत्राने वाढवलेलं: हे आमच्या धंद्यात आता नवलाचं नाही. म्हणून चित्राचे भाग पाडून तपासा. एकाच चित्रात पुढची व्यक्ती ठरवलेली आणि मागची खोली नुसतीच आलेली, असं सापडतं.

मग विचारायचं कुणाला? चित्रकाराला चारचौघांत नाही. २०२२ च्या अखेरीस एका डिजिटल चित्रकाराचं स्वतः रंगवलेलं चित्र एआयचं समजून रेडिट या चर्चा-संकेतस्थळाच्या कलाविभागातून काढलं गेलं. मूळ फाइली दाखवतो म्हणाला तरी ऐकलं गेलं नाही, वर त्यालाच बंदी. ज्याचं पोट त्या हातावर आहे त्याच्यावर असा जाहीर ठपका आला की नंतरचा खुलासा कुणी वाचत नाही. प्रकाशकाला किंवा संपादकाला लिहा, खाजगीत, आरोप न करता. माझा मजकूर साधारण असा असतो:

"नमस्कार. आपल्या या लेखासोबतच्या चित्राचं श्रेय मला सापडलं नाही. ते कुणी केलं आहे, आणि करताना एआय-साधन वापरलं आहे का, हे कळवाल का?"

तुम्हीच संपादक असाल आणि चित्रकार तुमचाच असेल तर सरळ कच्ची रेखाटनं मागा, तीही काम सोपवतानाच, अट म्हणून, सगळ्यांसाठी सारखी. पक्कं चित्र कितीही सुरेख असो, नाकारलेले दोन पर्याय जास्त बोलके असतात: हा कोन घेतला होता, जमला नाही, सोडला. प्रोक्रिएट हे चित्र काढायचं ॲप वापरणाऱ्यांकडे तर रंगवण्याची चित्रफीत आपोआप साठलेली असते.

उत्तर आलं तर नीट वाचा. "आमच्या डिझाइन विभागाने केलं आहे" हे उत्तर नव्हे. विभाग काहीही वापरू शकतो. "पूर्णपणे माणसांनी केलं आहे" हे उत्तर आहे, पण देणाऱ्याला तरी पूर्ण माहिती आहे का हे बघावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या एका जाहिरात-चित्रावर लोकांनी शंका घेतली. कंपनीने ठामपणे सांगितलं की ते माणसांनीच केलं आहे. दोन-तीन दिवसांत शब्द मागे घ्यावे लागले: बाहेरून करून घेतलेल्या त्या चित्रात एआयचे काही भाग शिरले होते. पात्रांवरून नव्हे, लोकांना शंका आली ती पार्श्वभूमीवरून, तिथल्या उपकरणांच्या आणि तारांच्या बारीक तपशिलांवरून. खोटं बोलायचा हेतू असावा असं मला वाटत नाही. त्यांनी बहुधा एकाच माणसाला विचारलं असेल, आणि त्याने आपल्यापुरतं खरं सांगितलं असेल.

म्हणून मी पत्राला आता आणखी एक वाक्य जोडते: "पार्श्वभूमी, पोत किंवा स्टॉकमधून घेतलेले सुटे भाग असतील तर तेही धरून सांगावं."